सर्दी आणि शेपटी : फरक स्पष्ट करा

लग्न ठरताना मला मुलाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, तो पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला आहे. दोन, आज त्याला जरा सर्दी झालीय. पहिली गोष्ट खरी निघाली. दुसरीतले 'आज' आणि 'जरा' हे दोन शब्द मध्यस्थानं पदरचे घातले होते.

माझं माहेर लोणी भापकर आणि सासर भवानीनगरजवळच्या एका वस्तीवर. नवऱ्याचं काम असं, की कालव्याला पाणी सुटलं की मोटारसायकलवर फिरत राहायचं आणि कुणी चोरून दार उघडलंय का ते बघायचं. कालव्याच्या पाण्याच्या पाळीला आमच्याकडं आवर्तन म्हणतात. उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की शेतकरी ओरडतात, पुढारी ओरडतात, पेपरात येतं. आमच्या ह्यांच्या नाकाचं आवर्तन मात्र एकदाही लांबलेलं नाही. लग्नात फोटोग्राफर 'हसा जरा' म्हणाला आणि ह्यांनी रुमाल काढला. अख्ख्या अल्बममध्ये नवरदेवाचं नाक कुठंही दिसत नाही.

आधी मला वाटलं, हवेमुळं असेल. उसाची तोड झाली की रानोमाळ पाचट पेटवतात, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी येऊन बसते आणि सगळ्या वस्तीची नाकं भरतात. पण पाचटाचे दिवस संपले, पाऊस येऊन गेला, थंडी आली, ह्यांचं आपलं चालूच. शेवटी मी विचारलं, "अहो, हे कधीपासनं?"

"लहानपणापासनं."

"मग काय करता त्याला?"

"पुसतो," हे म्हणाले.

आता मी कोण, तर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारी बाई. पुस्तक इंग्रजीत, पोरं मराठीत आणि मी मधल्यामध्ये लोंबकळत. अकरावीला पेशीच्या धड्यात सिलिया आणि फ्लॅजेला येतात. मराठीत सिलियाला पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. पण बारामती तालुक्यात पक्ष हा शब्द नुसता उच्चारला तरी पोरांचे कान टवकारतात, आणि पक्ष्माभिका म्हटलं की वर्गाला ती कुठल्यातरी पक्षाची महिला आघाडी वाटते. फ्लॅजेलाला म्हणतात कशाभिका. कशा म्हणजे चाबूक. तो शब्द तोंडातून निघायचा अवकाश, मागच्या बाकावरून येतंच, "कशाची भीक, मॅडम?" दरवर्षी वेगळी पोरं आणि दरवर्षी तोच विनोद. मग मीच शहाणी झाले आणि सरळ लव आणि शेपटी म्हणायला लागले.

परीक्षेला हा प्रश्न ठरलेला : फरक स्पष्ट करा. मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडं लव, उजवीकडं शेपटी. लव आखूड, शेपटी लांब. लव पेशीवर गच्च भरून असते, शेपटी एखादीच, फार तर दोनचार. लव वल्ह्यासारखी चालते. ताठ होऊन फटका मारायचा, वाकून मागं यायचं, आणि तेही सगळ्यांनी एकदम नाही, एकीमागून एक, वाऱ्यानं गव्हाच्या रानात लाट जाते तशी. शेपटी सापासारखी वळवळते. आपल्या अंगातली लव जागेवर राहून पुढ्यातला माल ढकलते, शेपटी मालकालाच घेऊन पळते. उदाहरण लिहा : लव श्वासनलिकेत असते, तिथला कफ ती वर लोटते. शेपटी शुक्राणूला असते. इथं सगळा वर्ग वहीत डोकं घालायचा.

इतकी वर्षं मी हे शिकवलं. डावीकडचं उदाहरण माझ्याच घरी ओट्यावर रुमाल घेऊन बसलंय, आणि उजवीकडचंही तिथंच बसलंय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पोरांना म्हणते ना मी, की नुसती घोकंपट्टी करू नका. स्वतः काय केलं होतं, देव जाणे. देव जाणे हीसुद्धा नुसती बोलायची सवय, कारण आमच्या घरात देव नाहीत.

ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या वेळीच घरातले देव नीरेत सोडले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), त्या बाबतीत फार कडक. गंडा नाही, दोरा नाही, अंगारा नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, तीन झाली, मूल होईना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या विज्ञाननिष्ठ घरात आपली केवढी पंचाईत झालीय. दुसऱ्या घरातली सासू नवस बोलते आणि वर्षभर गप्प बसते, कारण काम देवाकडं दिलेलं असतं. आत्यांना ती सोय नव्हती. त्यांनी सगळं काम माझ्याकडंच ठेवलं.

"आपन अंधश्रद्धा मानत न्हाय," त्या म्हणायच्या. "डाक्टर बदलू."

आणि बदलले! इंदापूर झालं, बारामती झालं, अकलूजची बाई झाली. सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या तपासून झाल्या, रक्त किती दिलं त्याचा हिशेब नाही. सगळं चांगलं. चांगलं आलं की आत्यांना राग यायचा, म्हणजे अजून सापडलंच नाही. एका डॉक्टरनं चाचरत सुचवलं, की एकदा मिस्टरांनाही तपासू या. आत्या ताडकन उठल्या. "त्याला काय झालंय? दोन येळच्या चार भाकरी खातोय." झालं, तो डॉक्टर बदलला.

मी तोंडाळ आहे. माहेरी माझ्या जिभेला हाड नाही असंच म्हणायचे. पण ह्या एका बाबतीत माझी वाचा बसली. त्याला कारण आमच्या चुलत जावेचं डोहाळजेवण. वंदना झाली, पंचशील झालं, भिंतीवरच्या फोटोंना हार घातले, आणि मग ओटी भरायची वेळ आली. ताट माझ्या हातात होतं, कारण ते मीच भरलं होतं. नारळ, तांदूळ, खण, सगळं मी मांडलेलं. आत्या आल्या आणि ते ताट माझ्या हातातून अलगद काढून घेऊन शेजारच्या बाईच्या हातात दिलं. वर मला म्हणाल्या, "तू तेवढं आत भाताकडं बघ."

मी आत जाऊन भाताकडं बघितलं. भात चांगला होता. नंतर त्यांना विचारलं, "आत्या, ही अंधश्रद्धा न्हाय का?" तर म्हणाल्या, "ही रीत हाय." मला मूल हवं होतं, कुणाला नको असतं? पण त्या दिवसापासनं त्याच्याही आधी मला हे हवं झालं, की माझ्याकडं बघून कुणी ताट काढून घेऊ नये. दोष माझ्यात नाही हे कुणीतरी तोंडानं म्हणावं. त्या रीतीपायी मी तोंडात पदर कोंबून रडलेय, आणि रडले म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडलेय.

मग बारामतीत एक नवीन डॉक्टरीणबाई आल्याचं कळलं. त्या दिवशी आत्यांचा गुडघा धरला होता म्हणून त्या आल्या नाहीत, आणि माझं नशीब उघडलं. बाईंनी माझ्या सोनोग्राफ्यांची ती जाडजूड पिशवी उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "हे राहू द्या. आधी मिस्टरांचं बघू."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

तपासणी झाल्यावर बाईंनी मलाच आत बोलावलं. "तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? या, बघा." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दिसत होते भरपूर. बाई म्हणाल्या, रंग घालून बघितलंय, जिवंत आहेत. पण हलत एकही नव्हता. शेपट्या होत्या, चांगल्या लांब होत्या, आणि सगळे जागच्या जागी, आठवडे बाजारात लावलेल्या मोटारसायकलींसारखे. मी म्हटलं, "असं कसं?" तेवढ्यात पडद्यापलीकडून ह्यांनी नाक ओढलं. बाईंनी मान वर केली.

"सर्दी कधीपासनं आहे?" त्यांनी पलीकडं जाऊन विचारलं.

"जन्मापासनं," हे म्हणाले. "पन त्याचं काय, घरचंच हाय."

बाईंनी स्टेथोस्कोप ह्यांच्या डाव्या छातीला लावला. कपाळाला आठी पडली. मग उजव्या छातीला लावला आणि आठी गेली. "तुमचं हृदय उजवीकडं आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

ह्यांनी विचार केला. "तुमच्या उजवीकडं का माझ्या?"

मग ह्यांना आठवलं, की पूर्वी एकदा छातीचा फोटो काढला होता, तर तिथला माणूस 'फोटो उलटा आलाय' म्हणाला होता आणि त्यानंच तो सुलटा करून दिला होता. आणि मी? मी इतकी वर्षं ह्या माणसाच्या डाव्या छातीवर डोकं ठेवून झोपत होते. धडधड म्हणून कधी ऐकू यायची नाही. मला वाटायचं, स्वभावानं शांत आहेत.

बाईंनी कागदावर एक गोल काढला. गोलाच्या कडेनं नऊ जोड्या आणि मध्ये दोन नळ्या. मला बघताक्षणी कळलं, कारण हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते. लव उभी कापा नाहीतर शेपटी कापा... नाही, आडवी कापा, मी पोरांना नेहमी दटावते, आडवी. आडवी कापली की आत दोन्हीकडं हेच दिसतं. बाहेरून सगळा फरक, आतून दोघी सख्ख्या बहिणी. त्या नऊ जोड्यांना बारीक बारीक हात असतात. एका जोडीनं शेजारच्या जोडीला हातानं ओढायचं, त्या ओढाओढीत लव वाकते आणि शेपटी वळवळते. आमच्या ह्यांच्यात ते हातच जन्मापासनं नाहीत. म्हणून नाकातली लव हलत नाही, कफ तिथंच साचतो. म्हणून शेपटी हलत नाही. आणि बाळ पोटात अगदी तीळभर असताना अशीच थोडी लव गोल फिरते आणि तिच्या प्रवाहानं डावं-उजवं ठरतं. ती फिरली नाही की हृदय छापा-काट्यावर जातं. ह्यांचा काटा पडला.

"आणि तुमचं," बाई मला म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे. स्त्रीबीजाला शेपटी नसते, त्याला नळीतली लव पुढं लोटते. तुमची लव छान चालू असणार. तुमच्यात काहीही दोष नाही."

हे वाक्य मी त्यांना परत म्हणायला लावलं. खोटं कशाला बोलू, तिसऱ्यांदाही म्हणायला लावणार होते.

बाहेर आल्यावर ह्यांनी मोटारसायकलला किक मारली नाही. नुसते टाकीवर हात ठेवून बसले. "आईला सांगू नगंस. खचंल ती."

माझा भडका उडाला. "आणि मी इतकी वर्षं खचतीय ती? मी काय सिमेंटची हाय? आत्यांना सांगायचं. आणि मी न्हाय, तुमी सांगायचं. तुमच्या तोंडानं."

हे 'बरं' म्हणाले. रात्री पाळीवरून कुऱ्हाड घेऊन आलेल्या शेतकऱ्याला समजावून परत पाठवणारा हा माणूस. पण आईपुढं बसला की त्याची शेळी व्हायची. "आई, एक सांगायचं हुतं," इथपर्यंत गाडी यायची, मग शिंक यायची, आणि शिंकेनंतर हे विचारायचे, "म्हशीला पेंड आनायची का?" कितीदा तरी झालं असं. घरात पेंडीची पोती लागली. म्हैस तेवढी खूश होती.

शेवटी आत्यांनीच ही कोंडी फोडली. एका सकाळी त्यांनी मला सांगितलं, की आवरून बस, टेंभुर्णीकडं कुणी नवी डॉक्टरीण आहे, तिच्याकडं जायचं. माझ्या हातात पिठाची परात होती. मी ह्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. पण ते बघणं कसं होतं हे ह्यांना विचारा.

"आई," हे उभे राहिले, "ती कुठं जानार न्हाय. दोष तिच्यात न्हाय. माझ्यात हाय."

"तुझ्यात? काय हाय तुझ्यात?"

"शेपट्या हलत न्हायत."

आत्या थोडा वेळ गोठ्याकडं बघत राहिल्या. "कुनाच्या शेपट्या? म्हशीच्या?"

मग पुढं मला यावंच लागलं. पण सासूला हे कसं सांगायचं? वर्गात निदान पोरं वहीत डोकं घालतात, आत्या तर डोळ्यांत डोळे घालून बसलेल्या. मी परातीतल्या पिठावर बोटानं रेघ मारली. डावीकडं नाक, उजवीकडं... उजवीकडचं. म्हटलं, "आत्या, असं समजा, एकाच फ्यूजवर घरातला पंखा हाय आन् हिरीवरची मोटार हाय. पंखा येगळा, मोटार येगळी, कामं येगळी. पन फ्यूज एकच. तो उडाला तर?"

"दोनीबी बंद."

"मग तसंच. नाकातलाबी पंखा बंद, आन् ती मोटारबी बंद."

मला वाटलं होतं, आत्या रडतील, मला बोलतील, डॉक्टरीणबाईला शिव्या घालतील. आत्यांचे डोळे चमकले. "आगं मग सोपं हाय की! फ्यूज एकच हाय ना? मग नाक बरं केलं की पोरगं व्हईल!"

"आत्या, तसं न्हाय—"

"तुजंच म्हननं हाय ते."

माझंच होतं. उपमा देताना हात आखडता घ्यावा, हा धडा मी त्या दिवशी शिकले.

त्या दिवसापासनं माझ्या अंगावरची सगळी विज्ञाननिष्ठा ह्यांच्या अंगावर गेली. सकाळी उठल्या उठल्या आलं, गवती चहा, अडुळसा ह्यांचा काढा. न्याहारीआधी वाफारा. वाफाऱ्यानंतर नाकात तूप. ओव्याची पुरचुंडी खिशात, दुसरी उशाखाली. संध्याकाळी हळदीची धुरी, ती अशी की शेजारी घर पेटलं म्हणून बादली घेऊन आले. पळसदेवला दिलेली नणंद उजनी धरणातली चिलापी मासळी पाठवायची; तिचा रस्सा आत्या असा जाळ तिखट करायच्या, की ह्यांचं नाक, डोळे आणि कान सगळीकडून आवर्तन सुटायचं. आत्या समाधानानं म्हणायच्या, "निघतंय बघ. निघतंय." ह्यांनी माझ्याकडं केविलवाणं बघितलं की मी म्हणायची, "प्या. मीबी प्यालेय." मला मजा वाटत होती, आणि मला तिची मुळीच लाज वाटत नाही.

खरी गंमत वस्तीवर झाली. आत्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. पाण्याला जाता-येता त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आमच्या सुनंत काय बी न्हाय. दोष पोराच्या नाकात हाय." झालं! चहाच्या टपरीवर तरण्या पोरांनी नाक ओढायचं बंद केलं. ज्याला शिंक येईल तो आधी इकडंतिकडं बघायचा आणि मग उसात जाऊन शिंकायचा. एका घरी मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांनी शिक्षण विचारलं, जमीन विचारली, आणि मग मुलीची आजी म्हणाली, "नाक कसं हाय?" मी विज्ञानाची शिक्षिका. मी दारोदार जाऊन सांगायला हवं होतं, की साध्या सर्दीचा आणि ह्याचा काही संबंध नाही, लाखात एखाद्याला असतं हे असलं. माझ्याकडं विचारायला आलेल्या दोघाचौघांना सांगितलंही. बाकीच्यांना, म्हटलं, बसू दे थोडे दिवस घाबरून. आजवर बायका बसल्याच की.

नाक काही बरं झालं नाही. होणार नव्हतंच. तेव्हा आत्या स्वतः डॉक्टरीणबाईंकडं आल्या, जाब विचारायला. बाईंनी शांतपणे समजावलं : नाक रोज मिठाच्या पाण्यानं धुवायचं, छातीचा व्यायाम करायचा, काढ्यानं लव हलायची नाही. पण मूल होऊ शकतं. शेपटीची गरजच नाही. एकच शुक्राणू बारीक सुईनं उचलायचा आणि नेऊन बीजात ठेवायचा.

आत्यांनी दोन बोटांची चिमट करून हवेतलं काहीतरी उचलून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यानं काय करायचं न्हाय. आपनच उचलून न्यायचं."

"हो."

"लग्नातबी हेच झालं," आत्या म्हणाल्या. "मुलगी बघायला जायचं तर हा कालव्यावर जाऊन बसला हुता. आमीच उचलून नेला."

डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. हे कोपऱ्यात नाक पुसत होते.

त्याच दिवसांत पळसदेवच्या नणंदेला दिवस गेलेले होते, आणि तिच्या सासरी डोहाळजेवण निघालं. मी जाणार नव्हते. कॉलेजचं, पेपरांचं, काहीतरी निमित्त काढलं होतं. आत्या म्हणाल्या, "चल गुमान." उजनीचं पाणी उतरलेलं, लांबवर जुन्या देवळाचा कळस उघडा पडलेला, आणि अंगणात मांडव. ओटीची वेळ झाली तशी मी शहाण्यासारखी उठले आणि भाताकडं निघाले.

"कुठं चाललीस?" आत्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. आणि ताट उचलून माझ्या हातात दिलं. "पयली ओटी तू भर."

नणंदेच्या सासूबाई चुळबुळल्या. "विहीणबाई, राग नका मानू, पन पयली ओटी लेकुरवाळीनं भरावी. रीत हाय."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ताट कलंडलं, नारळ घरंगळून खणावर आला. आत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गुडघा दुखत असताना उभ्या राहिल्या.

"रीत मी बी केली हुती," त्या म्हणाल्या. "हिच्याच हातातलं ताट काढून घेतलं हुतं. चुकलं माझं. हिच्यात काय बी दोष न्हाय. डोक्यापासनं पायापर्यंत सगळ्या तपासण्या झाल्यात हिच्या. तुमच्या झाल्यात का?"

नणंदेच्या सासूबाईंनी मान हलवली, न्हाय म्हणून.

"मग बसा खाली," आत्या म्हणाल्या.

मी ओटी भरली. तांदूळ किती सांडले कुणास ठाऊक, मला समोरचं दिसतच नव्हतं. मूल होईल न होईल, माझं काम त्या मांडवात झालं होतं. येताना टमटममध्ये मी आत्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "सोड, घाम येतोय," पण हात काढून घेतला नाही.

पुढं सुईचं ते सगळं केलं. पहिल्या खेपेला नाही झालं. दुसऱ्या खेपेला झालं. मुलगी. नर्सनं बाहेर आणली तेव्हा आत्यांनी रंग नाही बघितला, नाक कुणासारखं तेही नाही बघितलं. आधी कान लावला, डावीकडं. मग उजवीकडं. मग पुन्हा डावीकडं. "डावीकडं हाय," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

पण हृदय नुसत्या छाप्यानंही डावीकडं येतं, खरी परीक्षा पुढंच होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळाला असं असण्याची शक्यता फार कमी आहे. कमी म्हणजे नाही नव्हे, हे मीच पोरांना शिकवते. मुलगी बसायला लागली त्या थंडीत तिला पहिली सर्दी झाली. साधी शेंबडी सर्दी, जी वस्तीवरच्या प्रत्येक पोराला होते. आमच्या घरात मात्र चूल पेटायची पंचाईत. हे कालव्यावरून दर थोड्या वेळानं फोन करायचे. "वाहतंय का?" "वाहतंय." "अजून?" "अजून." शेवटी रजा टाकून घरीच येऊन बसले, पोरीला मांडीवर घेऊन. बाप पोरीचं नाक पुसायचा, मग स्वतःचं, मग परत पोरीचं. मी बघायची आणि मला आतून तुटायचं. काढा, धुरी, तूप, आत्यांनी कशालाच हात लावला नाही. नुसत्या बसून होत्या. "तिचं तिला करू दे," एवढंच म्हणायच्या. "तिची लव करतीय का न्हाय, बघू."

आणि एका सकाळी नाक कोरडं होतं. आत्यांनी पदरानं पुसून बघितलं. पदर कोरडा. उताणी झोपवून बघितलं, पालथी घालून बघितलं. दुपारपर्यंत वाट बघितली. ह्या घरात सर्दी आपली आपण गेली, असं कुणी कधी बघितलेलंच नव्हतं. दुपारी आत्या गुडघा धरत दुकानावर गेल्या आणि पेढे घेऊन आल्या. घरोघर वाटले. बायका विचारायच्या, "काय, चालायला लागली?" "न्हाय." "दात आला?" "न्हाय. सर्दी गेली!"

शेजारीण पेढा तोंडात घालून आत आली. ओसरीवर हे पोरीला उजव्या छातीशी धरून बसले होते, आणि त्यांचे डोळे, नाक, सगळं एकदम वाहत होतं. रुमाल काढायचंही भान नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलेलं नव्हतं.

"आता गं बया," शेजारीण म्हणाली, "हा का रडतोय?"

मी काही बोलायच्या आत आत्या मध्ये आल्या.

"रडत न्हाय," आत्या म्हणाल्या. "आज त्याला जरा सर्दी झालीय."